दीडास एक

फ्लाइट सिम्युलेटरसाठी एखादा विमानतळ नव्याने तयार करायचा म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, टर्मिनलची इमारत, कंट्रोल टॉवर, दिवे, पांढरे पट्टे यांतच सगळा वेळ जात असणार. तो जातोच, पण त्याहून कितीतरी जास्त वेळ जमीन खाते. धावपट्टीची कड संपून गवत लागतं, गवत संपून उतार सुरू होतो, उतार खाली एखाद्या वहाळाला जाऊन मिळतो. ही शे-दोनशे मीटरची पट्टी नीट जमवणं हे आमच्या छंदातलं सर्वांत चिवट काम आहे. ती जमली नाही तर इमारत कितीही देखणी असो, विमान खाली येताना समोर दिसणारं चित्र मनाला पटत नाही.

मला हे काम जेवढं येतं तेवढं माझ्या मामांमुळे येतं. पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली, त्यातली बरीच वर्षं तिलारीच्या कालव्यांच्या मोजणीत. संगणकाशी त्यांचा संबंध नातवंडांचे फोटो बघण्यापुरता. तरीही माझ्या प्रत्येक विमानतळाच्या कडेला त्यांचा हात आहे. आणि त्यांच्याबरोबर इतरही अनेकांचा, ज्यांना मी कधी भेटलो नाही आणि भेटण्याची शक्यताही नाही. हे देणं फेडता येण्यासारखं नाही. ते कशाचं आहे, एवढं तरी नीट लिहून ठेवावं म्हणून हा लेख.

काम काय असतं ते आधी सांगतो. सिम्युलेटरमधली पृथ्वी म्हणजे उंचीच्या आकड्यांचं एक प्रचंड जाळं. ठरावीक अंतरावरच्या प्रत्येक बिंदूला एक उंची, आणि ते बिंदू जोडून झालेले त्रिकोण. या त्रिकोणांच्या पृष्ठभागाला आम्ही मेश म्हणतो. त्यावर उपग्रहाचं छायाचित्र किंवा शेत, जंगल, वस्ती यांची चित्रं पसरतात. विमानतळ मात्र दुसऱ्या फाइलीतून येतो. धावपट्टीची दोन टोकं, तिची लांबी-रुंदी, टॅक्सीवे आणि समुद्रसपाटीपासूनची उंची ही माहिती विमानचालनाच्या अधिकृत प्रकाशनांमधून घेतलेली असते. जमीन एकाने मोजलेली, विमानतळ दुसऱ्याने. दोघांचे आकडे क्वचितच जुळतात. मग विमानतळ एकतर चौथऱ्यावर ठेवल्यासारखा वर उचललेला दिसतो, नाहीतर खड्ड्यात बसतो आणि चारी बाजूंनी मातीच्या उभ्या भिंती.

मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे २००६ साली आलेल्या एफएसएक्सपर्यंत, सबंध विमानतळाला एकच उंची असे. विमानतळाभोवती एक बहुभुज ओढायचा, त्याला उंची द्यायची, आतलं सगळं सपाट. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये दोन्ही सोयी आहेत: हवं तर विमानतळ सपाट करता येतो, हवं तर धावपट्टी जमिनीच्या चढउताराप्रमाणे जाते. दुसरा पर्याय ऐकायला छान वाटतो. पण जमिनीचे आकडे जर खडबडीत असतील तर धावपट्टीवर लाटा उठतात आणि विमान उसळ्या मारत जातं. म्हणजे फिरून तेच: आधी जमीन सुधारा.

जमिनीचे आकडे येतात कुठून? जगातल्या बहुतेक भागासाठी ते एकाच मोहिमेतून आले. २००० सालच्या फेब्रुवारीत ‘एन्डेव्हर’ हे नासाचं स्पेस शटल अकरा दिवसांसाठी वर गेलं. केविन क्रेगेल, डॉमिनिक गोरी, जेनेट कवांडी, जॅनिस व्हॉस, जपानचे मामोरू मोहरी आणि जर्मनीचे गेरहार्ड थीले असे सहा अंतराळवीर होते. यानातून ६० मीटर लांबीचा दांडा बाहेर काढलेला होता. रडारचा एक अँटेना यानात, दुसरा दांड्याच्या टोकाला. जमिनीवरून परतलेल्या लहरी दोन्ही जागी टिपायच्या आणि त्यांच्यातल्या सूक्ष्म फरकावरून खालच्या जमिनीची उंची काढायची. सहा जणांनी दोन पाळ्या लावून रात्रंदिवस हे काम केलं. उत्तरेला ६० अंश आणि दक्षिणेला ५६ अंश यांच्यामधली, म्हणजे पृथ्वीवरची सुमारे ८० टक्के जमीन त्यात मोजली गेली. पुढे हे आकडे सर्वांसाठी खुले झाले. सुरुवातीला आपल्याकडे सुमारे ९० मीटरला एक बिंदू मिळे, २०१४-१५ पासून ३० मीटरला एक मिळू लागला. आपल्या गावामागची टेकडी सिम्युलेटरमध्ये ओळखू येते ती या मोजणीमुळे. तिच्यावर छंदिष्टांच्या पिढ्या पोसल्या गेल्या आहेत.

पण ३० मीटर म्हणजे किती, ते विमानतळावर कळतं. ४५ मीटर रुंदीची धावपट्टी या जाळ्याच्या जेमतेम दीड घरात बसते. शिवाय रडारला झाडांचे शेंडे लागतात, छपरं लागतात. ती उंचीही जमिनीच्या खात्यात जमा होते. काजूची बाग असेल तर तिथे नसलेला उंचवटा तयार होतो.

चिपीचा विमानतळ मी करायला घेतला तेव्हा हे सगळं एकदम समोर आलं. सिंधुदुर्गातला हा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ला सुरू झाला. परुळ्याच्या बाजूचा जांभ्या दगडाचा सडा, त्यावर अडीच किलोमीटरची धावपट्टी, पश्चिमेला समुद्र, उत्तरेला कर्ली नदीची खाडी. कोकणातला सडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचं रूप सांगायला नको. वरून सपाट वाटतो, चालायला लागलं की कळतं, कुठे खोलगट, कुठे कातळाचा उंचवटा. आणि कडेला आलं की जमीन एकदम खाली माडांच्या बागांत उतरते. माझ्या आजोळचा हा मुलूख. तो सिम्युलेटरमध्ये ओबडधोबड दिसावा हे मला सहन होईना.

मे महिन्यात गावी गेलो तेव्हा लॅपटॉप मामांसमोर ठेवला. विमानं कशी उडतात, दाखवावं, एवढाच हेतू. पडद्यावर कुठल्याशा पठारावरचा एक विमानतळ होता, मोफत मिळालेला, बहुभुज ओढून सपाट केलेला. मामांनी विमानाकडे पाहिलंच नाही. चष्मा वर करून ते धावपट्टीच्या टोकाशी बघत राहिले. तिथे सपाटी संपत होती आणि जमीन सरळ काटकोनात खाली पडत होती.

“हो भराव रवतलो कसो?” ते म्हणाले. “पयल्याच पावसात खाली येतलो.”

मी म्हटलं, “मामा, हे चित्र आहे. पावसात काही होत नाही.”

“चित्र आसा तरी भराव तो भरावच. कागद हाड.”

आणि त्यांनी आडवा छेद काढायला सुरुवात केली. आधी मूळ जमिनीची रेघ, तिरकी. मग त्यावर धावपट्टीची आडवी रेघ. जिथे मूळ जमीन वर आहे तिथे खोदाई, जिथे खाली आहे तिथे भराव. हे मलाही माहीत होतं. पुढचं नव्हतं. भरावाच्या बाजूला त्यांनी रेघ उभी न नेता तिरकी नेली: एक मीटर खाली उतरायचं तर दीड मीटर बाहेर जायचं. “दीडास एक,” ते म्हणाले. मुरमाचा भराव त्याहून उभा ठेवला तर तो घसरतो. फार उंच भराव असेल तर मध्ये पायरी सोडायची, पाणी अडवायला. पायथ्याशी गटार. दगडाचं पिचिंग असेल तर थोडा उभा चालतो. खोदाईची बाजू मात्र त्यांनी जवळजवळ सरळ दाखवली. मी विचारलं, इथे उतार का नाही? तर म्हणाले, चिरेखाण बघितली नाहीस का? जांभा उभा कापला तरी भिंत वर्षानुवर्षं टिकते. म्हणजे आपल्या सड्यावर एकाच धावपट्टीच्या दोन कडा दोन तऱ्हेच्या: जिकडे खोदलं तिकडे उभी लाल भिंत, जिकडे भरलं तिकडे लांबवर पसरत गेलेला उतार.

माझ्या आजवरच्या वाचनात हे कुठे आलं नव्हतं. सीनरी बनवण्याच्या सूचनांमध्ये ‘कडा मऊ करा’ एवढंच असतं, आणि त्यासाठी एक आकडा असतो. तो वाढवला की सगळ्या कडा सारख्याच गुळगुळीत होतात. ऑर्थोफोरएक्सपी या साधनात असा आकडा आहे आणि तो फार उपयोगाचा आहे, मी तो रोज वापरतो. पण संगणकाला जांभा आणि मुरूम यांतला फरक कळत नाही. तो सांगणारं कोणीतरी शेजारी बसावं लागतं.

मग मामांनी विचारलं, “उंची खयसून मोजलंस ता आदी सांग.”

हा प्रश्न ऐकून मी चपापलो, कारण आमच्या क्षेत्रात तो सर्वांत मोठा घोटाळा करणारा प्रश्न आहे. बऱ्याच जीपीएस उपकरणांत कच्ची उंची मिळते ती समुद्रसपाटीपासूनची नसते. पृथ्वीच्या आकाराचा जो गणिती लंबगोल धरला आहे त्याच्यापासूनची असते. गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नसल्यामुळे खरी समुद्रसपाटी या लंबगोलाच्या कुठे वर तर कुठे खाली असते. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ती शंभर मीटरांहूनही अधिक खाली आहे, जगात सर्वांत जास्त. कोकण किनाऱ्यावरही हा फरक साठ मीटरांहून अधिक भरतो. वाळूत पाय बुडवून उभं राहिलं तरी असं उपकरण उणे आकडा दाखवतं. तो आकडा तसाच विमानतळाला दिला तर विमानतळ समुद्राखाली जातो. मामांना लंबगोलाचं गणित ठाऊक नव्हतं. पण उंची हा आकडा नुसता नसतो, तो ‘कुठून’ हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही, हे त्यांच्या हाडात भिनलेलं होतं. त्यांच्या लेखी उंची सुरू होते बेंचमार्कपासून, म्हणजे उंची ठरवून खूण केलेल्या बिंदूपासून. आणि बेंचमार्कची साखळी जाते ती मुंबईच्या अपोलो बंदरासारख्या ठिकाणी भरती-ओहोटीच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून ठरवलेल्या सरासरी समुद्रसपाटीपर्यंत. कोणी तरी दुर्बीण आणि पट्टी घेऊन ती उंची पायी चालत देशभर नेली, म्हणून आपल्या गावच्या पुलावर बेंचमार्कचा बाण कोरलेला असतो.

त्या संध्याकाळी त्यांनी माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली. आत लेव्हल-बुकं होती, लांबट, कापडी बांधणीची, कोपरे वाळवीने खाल्लेले. त्यांतलं एक परुळ्याच्या बाजूच्या सड्याचं निघालं. फार पूर्वी तिथे पाझर तलावाची जागा शोधायला म्हणून त्यांनी मोजणी केली होती. तलाव झाला नाही, वही राहिली. मी ती पहिल्यांदा उघडली तेव्हा मला नुसते पेन्सिलीचे आकडे दिसले. मामांनी रकाने समजावले. दुर्बीण एका जागी मांडली की माहीत असलेल्या उंचीवर धरलेल्या पट्टीचं पहिलं वाचन, ती बॅकसाइट. मग मधल्या बिंदूंची वाचनं. जागा बदलण्यापूर्वीचं शेवटचं वाचन, ती फोरसाइट. शेजारी चढ आणि उतार यांचे रकाने, मग आर.एल., म्हणजे त्या बिंदूची उंची, आणि शेवटी शेरा: ‘कातळ’, ‘पायवाट’, ‘वहाळाचा तळ’, ‘आंब्याखाली’. जुन्या डम्पी लेव्हलच्या दुर्बिणीतून पट्टी उलटी दिसायची. आकडे डोक्यावर उभे, आणि वरून खाली वाचत जायचं. मामा म्हणाले, इतकी सवय झाली होती की निवृत्तीनंतरही बाजारात लटकवलेला काटा त्यांना क्षणभर उलटा वाटे.

प्रत्येक पानाच्या तळाशी एक ताळा होता. बॅकसाइटच्या बेरजेतून फोरसाइटची बेरीज वजा करायची, शेवटच्या आर.एल.मधून पहिली वजा करायची. दोन्ही उत्तरं एकच आली पाहिजेत. सगळ्या पानांवर ती एकच आलेली होती, आणि खाली मामांची सही. उन्हात दिवसभर खलाशाला, म्हणजे मदतनिसाला, पट्टी धरायला लावून, संध्याकाळी तंबूत बसून त्या माणसाने तीन दशांश स्थळांपर्यंतचा हिशेब जमवलेला होता, अशा तलावासाठी जो कधी बांधला गेला नाही.

ही वही माझ्या कामाचा कणा झाली. तिच्यातल्या उंच्या देवळाच्या जोत्यावर १००.००० धरून काढलेल्या होत्या, म्हणजे फक्त परस्परांच्या तुलनेत खऱ्या. त्यांना समुद्रसपाटीशी जोडायला भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर जवळपास छापलेली उंची मिळाली. त्या नकाशावर समोच्च रेषा २० मीटरांच्या अंतराने असतात, त्यामुळे सड्याच्या माथ्याचा आकार त्यांतून कळत नाही. रेषा कडेकडेने जातात आणि मधला भाग कोरा राहतो. तो कोरा भाग मामांच्या वहीने भरला. विमानतळाच्या आतल्या उंच्या अधिकृत प्रकाशनातून घेतल्या. आणि दोन्हींच्या मधला पट्टा, जिथे कोणाचाच आकडा नव्हता, तो मामांच्या छेदांवरून उभा केला.

प्रत्यक्षात ते असं केलं. शटलच्या मोजणीचे आकडे क्यूजीआयएस या मोफत नकाशा-प्रणालीत उघडले आणि ३० मीटरच्या घरांचे पाच मीटरचे तुकडे केले. धावपट्टीच्या मध्यरेषेवर उंची बांधली. दोन्ही बाजूंना पाणी निचरण्यापुरता आडवा उतार ठेवला. मोठ्या विमानांच्या धावपट्टीला तो आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे दीड टक्क्याच्या आत असावा लागतो. मग ठरावीक अंतरावर एकेक छेद घ्यायचा: इथे मूळ जमीन किती, धावपट्टीची पातळी किती, खोदाई की भराव, आणि कड कुठे जाऊन मूळ जमिनीला भिडते. मामा शेजारी खुर्चीवर बसून आकडे सांगत, मी भरत असे. भरावाचा पाय जिथे जमिनीला टेकतो त्या बिंदूला ते ‘टो’ म्हणत, आणि प्रत्येक टो सापडला की वहीत टिंब करत. सगळी टिंबं जोडल्यावर धावपट्टीभोवती एक वेडीवाकडी रेघ तयार झाली, कुठे जवळ, कुठे लांब. ती रेघ म्हणजे विमानतळ आणि गाव यांची खरी हद्द. बहुभुज ओढून ती कधीच मिळाली नसती.

एक अडचण मामांनाही नवी होती. एक्स-प्लेनमध्ये जमीन एक अंश अक्षांश गुणिले एक अंश रेखांश अशा चौकटींत कापलेली असते आणि प्रत्येक चौकट स्वतंत्र तयार होते. सोळा अंश उत्तर अक्षांशाची रेषा नेमकी चिपी-परुळ्याच्या परिसरातून जाते. म्हणजे सड्याचा एक भाग एका चौकटीत, दुसरा दुसऱ्या. शिवणीवर दोन्हीकडच्या उंच्या तंतोतंत सारख्या नसतील तर जमिनीला चीर पडते. मी हे समजावलं तेव्हा मामा म्हणाले, दोन सर्व्हेअर दोन बाजूंनी येऊन जिथे भेटतात तिथे हेच होतं; दोघांनीही एकच बिंदू मोजून एकच आकडा लिहायचा. शिवणीवरच्या उंच्या आधी पक्क्या केल्या आणि मगच दोन्ही चौकटी तयार केल्या. चीर पडली नाही.

कोणी म्हणेल, खेळातल्या जमिनीसाठी एवढा आटापिटा कशाला? मला हा प्रश्न पटत नाही. पठारावरच्या, ज्याला टेबलटॉप म्हणतात अशा विमानतळाचं टोक ही शोभेची गोष्ट नाही. ७ ऑगस्ट २०२०च्या रात्री मुसळधार पावसात कोळिकोडच्या धावपट्टीवरून एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान पुढे निघून उतारावरून खाली कोसळलं. कॅप्टन दीपक साठे आणि त्यांचे सहवैमानिक यांच्यासह २१ माणसं गेली. त्याआधी २२ मे २०१० रोजी मंगळूरच्या तशाच विमानतळावर १५८ जणांचा जीव गेला. अनेक शिकाऊ वैमानिक घरच्या सिम्युलेटरवर तासन्‌तास घालवतात. त्यांना टोकापलीकडची जमीन आहे तशी दिसली पाहिजे. तिथे सपाट गवत दाखवणं म्हणजे त्यांना खोटं शिकवणं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

चिपीनंतर मामांनी स्वतःहून विचारलं, आता कुठला? मी म्हटलं, लुकला. एव्हरेस्टच्या वाटेवरचा हा विमानतळ २,८४५ मीटर उंचीवर आहे. धावपट्टी ५२७ मीटर लांब, ३० मीटर रुंद, आणि सरासरी चढ ११.७ टक्के. विमानं डोंगराकडे चढावर उतरतात आणि दूधकोशीच्या दरीकडे उतारावरून सुटतात. मामांनी मला आकडा पुन्हा सांगायला लावला. काही हजार मीटरांत एक मीटर उतार देणाऱ्या कालव्यांत त्यांचा जन्म गेला होता. आणि मोठ्या धावपट्टीच्या दोन टोकांमधला एकूण उतार एक टक्क्याहून जास्त नसावा असा नियम मीच त्यांना सांगितला होता. त्यांनी मनातच गुणाकार केला: दोन टोकांत बासष्ट मीटरांचा फरक. जुन्या सिम्युलेटरमध्ये मधली उंची धरून हा विमानतळ सपाट केला तर वरचं टोक तीस मीटर जमिनीत गाडलं जातं आणि खालचं तीस मीटर हवेत राहतं.

लांबीच्या छेदाला खात्यात एल-सेक्शन म्हणतात. त्यात उभं प्रमाण आडव्यापेक्षा मोठं घेण्याची रीत आहे, नाहीतर कालव्याचा उतार कागदावर दिसतच नाही. लुकलासाठी मामांनी दोन्ही प्रमाणं सारखी घेतली, एकास हजार. आलेखाचे दोन कागद डिंकाने जोडले आणि ५२.७ सेंटिमीटर लांब, ६.२ सेंटिमीटर चढणारी रेघ काढली. मग ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. “ह्येका खरो उतार म्हणतत,” एवढंच बोलले. त्या कागदावरच आम्ही वरच्या टोकाचा ॲप्रन, जिथे विमानं वळून उभी राहतात, कसा जोडायचा ते ठरवलं; चढावरून सपाटीवर येताना कोपरा पडला तर विमानाचं नाक आपटतं, म्हणून तिथे हलका वळसा हवा. तीस मीटरच्या जाळ्यात ही अख्खी धावपट्टी एका घराच्या रुंदीची आणि अठरा घरं लांब. अठरा आकड्यांत लुकला मावत नाही. मामांच्या कागदावरून घेतलेल्या उंच्यांत मावला.

लुकलाची एक हकिकत मी त्यांना सांगितली. १९६४ साली एडमंड हिलरींनी शेर्पांच्या मदतीने ही पट्टी तयार करवून घेतली, तेव्हा मऊ माती दाबायला यंत्र नव्हतं. शेर्पांनी हातात हात घालून रांगा केल्या आणि तिच्यावर पाय आपटत नाच केला. डांबर पडलं ते २००१ साली. मामांना हे फार आवडलं. धुमसाने दबाई करणारी माणसं त्यांनी पाहिली होती, नाचून केलेली दबाई पहिल्यांदाच ऐकली. मला मात्र त्या क्षणी वाटलं की मी माउसने ज्या उंच्या सरकवतो आहे त्या प्रत्येकीखाली कोणाचे तरी पाय आहेत.

हिमालयात शटलच्या मोजणीला भोकं आहेत. खोल दऱ्यांत रडारची सावली पडते आणि तिथे आकडाच येत नाही. ही भोकं जोनाथन दे फेरांती या ब्रिटिश गृहस्थांनी वर्षानुवर्षं बसून भरली, जुन्या रशियन लष्करी नकाशांवरच्या समोच्च रेषांचा आधार घेत, आणि सगळं काम मोफत वाटलं. आंद्राश फाबिआन यांनी त्यावरून एक्स-प्लेनसाठी बारीक विणीचा मेश तयार केला आणि तोही मोफत दिला. ऑर्थोफोरएक्सपी लिहिणारे ऑस्कर पिलोत यांनीही काही मागितलं नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर रस्ते, वहाळ, विमानतळांच्या हद्दी काढणारी लाखो माणसं तर नावानेही माहीत नाहीत. मामांच्या वहीत आणि या लोकांच्या फाइलींत मला फरक दिसत नाही. ताळा जमेपर्यंत उठायचं नाही, ही वृत्ती दोन्हीकडे तीच.

आकडे जुने होतात, हेही खरं. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची नव्वद मीटरच्या आसपासची टेकडी कापली गेली. २००० सालच्या मोजणीत ती टेकडी जशीच्या तशी उभी आहे. सिम्युलेटरमध्ये तो विमानतळ बसवणाऱ्याला आधी ती पुन्हा कापावी लागते. काहींना हा आकड्यांचा दोष वाटतो. मला नाही वाटत. गेलेली टेकडी कुठे तरी अचूक उंचीनिशी नोंदलेली आहे, याचं मला समाधान आहे. मामांच्या वहीतला सडाही आता तसा राहिलेला नाही.

मामा आता थकले आहेत, नजर कमी झाली आहे, पण नवीन छेद दाखवला की बोट ठेवून टो कुठे ते विचारतात. माझ्या प्रत्येक सीनरीबरोबर ऋणनिर्देशाची एक छोटी फाइल जाते. तिच्यात नासाचं नाव आहे, वर लिहिलेल्या सगळ्यांची नावं आहेत, आणि सर्वांत वर मामांचं आहे, त्यांच्या हुद्द्यासकट.

पाटबंधारे, सार्वजनिक बांधकाम, रेल्वे, भूमी अभिलेख, कुठल्याही खात्यातून निवृत्त झालेलं मोजणीचं माणूस तुमच्या घरात किंवा आळीत असेल, तर त्यांची लेव्हल-बुकं रद्दीत घालू नका. त्यांतल्या उंच्या आता पुन्हा कोणी मोजू शकणार नाही, कारण त्या जमिनी बदलल्या आहेत. पानांचे स्वच्छ फोटो काढा, गाव आणि साल लिहा, बेंचमार्क कुठे होता ते त्यांना विचारून घ्या. आणि विचारायचं ते आताच विचारा.